उमदे घोडे, अरुंद वाटा

आमच्या ताईला मोटारीतले फारसे कळत नाही, पण पैशातले चांगले कळते. २०२५ च्या सप्टेंबरात आम्ही उभयता इंग्लंडला भाच्याकडे निघालो, तेव्हा आदल्या रात्री साताऱ्याहून तिचा फोन आला. 'हे बघ, तो तिकडे कसलीशी शर्यतीची गाडी घ्यायचं म्हणतोय. तीही जुनी. ह्यांच्या पैशांतून. तू त्याला नाही म्हणू नकोस. पण फसूही देऊ नकोस.' एवढे बोलून तिने फोन ठेवला. बँकेत मी चौतीस वर्षे काढली, पण इतक्या थोड्या शब्दांत इतकी अवघड कामगिरी मला हेड ऑफिसनेही कधी सांगितली नव्हती.

'ह्यांचे पैसे' म्हणजे भावजींचे. ते जाऊन दोन वर्षे झाली. मोठे घर विकले, ताई लहान ब्लॉकमध्ये राहायला गेली आणि मुलाचा वाटा तिने मुलाला दिला. भाचा लीड्सच्या एका इस्पितळात भूलतज्ज्ञ आहे. वय चव्वेचाळीस, घराचे हप्ते चालू, दोन मुली. आलेले सगळे पैसे त्याने हप्त्यांत भरले असते तर मामा आणि माजी बँक अधिकारी अशा दोन्ही नात्यांनी मी त्याची पाठ थोपटली असती. बरेचसे त्याने भरलेही. पण साठ हजार पौंड, म्हणजे आपले सत्तर लाख रुपये, त्याने बाजूला ठेवले होते. 'मामा, मला गाडी अप्पांनी शिकवली. त्यांच्या पैशांतून एक तरी गाडी घ्यायची. शोभेची नाही, चालवायची. इथल्या डोंगरातल्या आडरस्त्यांवर.'

भावजींची प्रीमियर पद्मिनी होती. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. यवतेश्वरच्या घाटात पोराला शेजारी बसवून ते शिकवायचे, आणि त्यांचा मंत्र एकच होता : 'जेवढं दिसतंय तेवढंच जायचं.' हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेले होते. यॉर्कशायरमध्ये ते मला वेगळ्याच तोंडून पुन्हा ऐकावे लागणार होते, पण ते पुढे.

'सुपरकार' या शब्दाची नेमकी व्याख्या कुणी केलेली नाही. १९६६ साली लॅम्बोर्गिनीची 'मिउरा' बाजारात आली. बारा सिलिंडरांचे इंजिन चालकाच्या पाठीमागे आडवे बसवलेले. तेव्हापासून हा शब्द रुळला असे जाणकार सांगतात. ही मिउरा रुंदीला जेमतेम पावणेदोन मीटर होती. त्याच कारखान्याची 'अॅव्हेन्टाडोर' २०११ साली आली ती आरसे न धरता दोन मीटर तीन सेंटिमीटर. गाड्या रुंद झाल्या, रस्ते होते तेवढेच राहिले. माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली या दोन आकड्यांत आहे.

पण भाच्याला हे वेड आत्ताच का लागावे? वडील गेले हे एक कारण. दुसरे कारण ब्रिटनच्या राजकारणात आहे. नव्या पेट्रोल आणि डिझेल मोटारींची विक्री २०३० पासून बंद करायची, असे तिथल्या सरकारने २०२० साली जाहीर केले. २०२३ मध्ये पुढच्या पंतप्रधानांनी ती मुदत २०३५ वर ढकलली. मजूर पक्षाचे सरकार आल्यावर ती पुन्हा २०३० वर आली. २०२५ च्या एप्रिलात नियमांचा तपशील ठरला. हायब्रिड गाड्यांना २०३५ पर्यंत सवलत मिळाली आणि मॅक्लारेन, अॅस्टन मार्टिन अशा थोड्या गाड्या बनवणाऱ्या कारखान्यांना मुदतीतून वगळले. म्हणजे श्रीमंतांच्या गाड्यांना कायद्याने अभय आणि गरिबाच्या फिएस्टाला वनवास, अशी टीका करायला जागा आहे. पण कारखाने कायद्याची वाट पाहत थांबलेले नाहीत. फेरारीची '२९६', मॅक्लारेनची 'आर्टुरा', लॅम्बोर्गिनीची 'रेव्हुएल्तो' आणि 'टेमेरारिओ' या सगळ्या पेट्रोलला विजेची जोड दिलेल्या आहेत. पायाने क्लच दाबून हाताने गिअर टाकायची सोय तर यांतल्या एकीतही नाही.

ही शेवटली गोष्ट बाजाराने बरोबर हेरली आहे. फेरारीची 'एफ ४३०' ही २००४ ते २००९ या काळातली गाडी. तिचे बहुतेक गिऱ्हाईक तेव्हा स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी गिअर बदलणारी आवृत्ती घेत होते. हाताच्या गिअरची गाडी म्हणजे जुन्या वळणाच्या माणसाची आवड. आज तीच हाताच्या गिअरची गाडी पट्टीवालीपेक्षा कितीतरी जास्त किमतीला जाते. जे संपत चालले त्याला भाव येतो. कारागिरांची पितळी भांडी मोडीत काढून स्टेनलेस स्टील घेणाऱ्या आपल्या पिढीला हे नव्याने सांगायला नको.

पहिल्या रविवारी भाचा मला त्याच्या नेहमीच्या गाडीतून रस्ते दाखवायला घेऊन गेला. लीड्सहून वायव्येला निघालो की तासाभरात यॉर्कशायर डेल्स लागतात. डोंगर आपल्यासारखे उभे नाहीत, म्हशीच्या पाठीसारखे गोल, हिरवे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चुन्याशिवाय रचलेल्या दगडी भिंती, आणि भिंतीला लागून मेंढ्या. हॉज नावाच्या बाजारगावाहून थ्वेटकडे जाणारी 'बटरटब्ज' खिंड आहे. तिथे चुनखडीच्या खडकात खोल विवरे आहेत. बाजाराला निघालेले शेतकरी उन्हाळ्यात लोणी वितळू नये म्हणून ते या थंडगार विवरांत उतरवून ठेवत, अशी दंतकथा आहे. २०१४ साली 'तूर द फ्रान्स' ही सायकल शर्यत इथून गेली होती.

अशा रस्त्यावर कायद्याने ताशी साठ मैल, म्हणजे सुमारे सत्त्याण्णव किलोमीटर वेगाला परवानगी आहे. परवानगी आहे, शक्यता नाही. ब्रिटनच्या वाहतूक नियमांच्या पुस्तकात साठ मैल वेगाला गाडी थांबवायला लागणारे अंतर त्र्याहत्तर मीटर दिले आहे. त्यातले अठरा मीटर माणसाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतच संपतात. ओल्या रस्त्यावर हे अंतर निदान दुप्पट धरायचे. बटरटब्जच्या वळणांवर पुढचा चाळीस मीटर रस्ता दिसला तर पुष्कळ, आणि वळणापलीकडे मेंढी आहे की सायकलवाला, हे देवाला ठाऊक. ब्रिटनमध्ये रस्ते अपघातांत वर्षाला सुमारे सोळाशे माणसे मरतात. आपल्याकडचा २०२३ चा आकडा एक लाख बहात्तर हजारांचा आहे, त्यामुळे सोळाशे आपल्याला किरकोळ वाटतील. पण त्यांतली निम्म्याहून अधिक माणसे ग्रामीण रस्त्यांवर मरतात. मोठे महामार्ग त्या मानाने सुरक्षित.

भाचेसून त्याच शहरात दुसऱ्या इस्पितळाच्या अपघात विभागात डॉक्टर आहे. रविवारी दुपारनंतर काय काय येते ते ती पाहते. त्या रात्री जेवताना ती म्हणाली, 'मामा, गाडीला माझी ना नाही. पण पुण्याचं आम्ही इथं बसून वाचलं आहे.' पुण्याचे म्हणजे १९ मे २०२४ च्या पहाटेचे. कल्याणीनगरात एका पोर्शेच्या धडकेत मोटारसायकलवरची दोन तरुण इंजिनिअर मुले गेली, आणि गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता असे पोलिसांनी सांगितले. माझ्या मनात त्या प्रकरणातला एक बारीक आकडा रुतून बसला आहे. त्या गाडीची कायमची नोंदणी झालेली नव्हती. १,७५८ रुपयांचे शुल्क भरायचे राहिले होते. कोटीच्या घरातली गाडी आणि सतराशे अठ्ठावन्न रुपये!

भाचेसुनेने एकच अट घातली. गाडी यायच्या आधी त्याने 'इन्स्टिट्यूट ऑफ अॅडव्हान्स्ड मोटरिस्ट्स' या १९५६ पासूनच्या संस्थेत नाव घालायचे आणि शिकवणी सुरू करायची. मला वाटले, पंचवीस वर्षे गाडी चालवणारा माणूस चिडेल. तो मुकाट्याने गेला. दुसऱ्या शिकवणीहून आला तो मात्र वेगळाच होऊन. तिथे पोलिसांच्या पद्धतीने वळण वाचायला शिकवतात. रस्त्याच्या दोन कडा दूरवर जिथे एकमेकींना मिळाल्यासारख्या दिसतात, त्या बिंदूवर नजर ठेवायची. बिंदू आपल्याकडे सरकू लागला तर वळण आवळते आहे, वेग उतरवा. तो पुढे पळू लागला तर रस्ता मोकळा होतो आहे. आणि कायम, दिसणाऱ्या रस्त्यात थांबता येईल इतक्याच वेगाने जायचे. 'मामा, अप्पांचं वाक्य! पैसे भरून ऐकून आलो.'

आता गाडी. त्याच्या मनात एकच होती. कॉलेजात असताना साताऱ्याच्या खोलीत जिचे चित्र भिंतीला डकवले होते, ती तांबडी फेरारी '३६० मोडेना'. १९९९ साली आलेली, आठ सिलिंडर, चारशे अश्वशक्ती. मँचेस्टरच्या बाजूला एका व्यापाऱ्याकडे २००१ सालची एक होती, पट्टीच्या गिअरची, आणि तिची किंमत साठ हजारांत बसत होती. गाडी बघितली आणि खरे सांगतो, मीही क्षणभर विसरलो की मी कशाला आलो आहे. कातडी सीटचा वास, तो रंग, काचेखाली दिसणारे इंजिन. भाच्याने दारावर हात ठेवला तो देवळाच्या उंबऱ्यावर ठेवावा तसा.

मग मी कागद मागितले.

नव्वदच्या दशकात मी एका तालुक्याच्या शाखेत होतो. जुने टेम्पो, जुन्या जीपा यांवर कर्ज देण्याचा तो काळ. शाखेतल्या एका वयस्कर हेडक्लार्कने मला शिकवले होते : मीटर बघू नका साहेब, पेडलचे रबर बघा. मीटर फिरवता येते, रबर झिजलेले लपत नाही. मी ते ऐकले आणि एकदा ऐकले नाही. न ऐकलेल्या त्या एका मॅटॅडोरच्या आरसी बुकावर आधीच्या बँकेचा बोजा उतरलेला नव्हता, आणि चासीचा नंबर नव्याने ठोकलेला होता. गाडी गेली, कर्ज बुडाले, घेणाऱ्याने भाजीचा धंदा बंद केला. चौकशीत माझ्यावर फार काही आले नाही. तो माणूस मात्र नंतर वर्षभर बँकेसमोरच्या चहाच्या गाडीवर मला रोज दिसायचा. नमस्कार करायचा.

इंग्लंडात मीटर आणि रबर दोन्ही बघायची गरज कमी, कारण तिथे प्रत्येक गाडीची तीन वर्षांनंतर दरवर्षी सरकारी तपासणी होते आणि तिचा सगळा इतिहास, त्या दिवशीच्या मीटरच्या आकड्यासकट, गाडीचा नंबर टाकला की कुणालाही फुकट बघता येतो. ही व्यवस्था मला राणीच्या राजवाड्यापेक्षा जास्त आवडली. तांबडीचा इतिहास उघडला तर मधली तीन वर्षे ती परीक्षेला बसलीच नव्हती. कुणाच्या तरी गॅरेजात झाकून ठेवलेली. व्यापारी अभिमानाने म्हणाला, फारच कमी चालली आहे. मी खाली वाकून टायर पाहिले. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. तिथे होते २४१४. २०१४ सालच्या चोविसाव्या आठवड्यातले टायर. अकरा वर्षांचे रबर, खाच खोल पण दगडासारखे.

आणि पट्टा. या इंजिनात झडपांची उघडझाप सांभाळणारा दातेरी पट्टा असतो. गाडी चालो न चालो, तो तीन वर्षांनी बदलायचा. तुटला तर झडपा पिस्टनवर आपटतात आणि इंजिन संपते. पुस्तकातला शेवटचा शिक्का २०१७ चा होता. व्यापाऱ्याला विचारले तर तो म्हणाला, ती कुठे चालली आहे एवढी! कर्जदाराने 'साहेब, हप्ता थकला खरा, पण मी खर्चही कुठे केलाय' असे म्हणावे, त्यातला हा प्रकार.

इथे या बाजाराची एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण आपल्याकडचे वाचकही आता जुन्या मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यू घेऊ लागले आहेत. जुनी होताना गाडीची किंमत उतरते. दुरुस्तीचे बिल उतरत नाही. ते गाडी नवी असतानाच्या किमतीचेच राहते. मॅक्लारेनची 'एमपी४-१२सी' २०११ साली नवी असताना १ लाख ६८ हजार ५०० पौंडांना मिळत होती. कार्बन फायबरचा सांगाडा, सहाशेच्या घरात अश्वशक्ती. आज ती त्याच्या निम्म्याहूनही कमी किमतीत दिसते, आणि भाच्याने बजेट थोडे ताणले असते तर आलीही असती. पण तिच्या सिरॅमिक ब्रेकला किंवा तेलाच्या दाबावर चालणाऱ्या सस्पेन्शनला हे माहीत नाही की मालक आता लक्षाधीश नसून पगारदार डॉक्टर आहे. निम्म्या किमतीत घेतलेला हत्ती निम्मे खात नाही.

व्यापाऱ्याला आम्ही रोखीने घेणार असे सांगितले तर त्याचा चेहरा थोडा उतरला. त्याने हप्त्यांची योजना पुढे केली : सुरुवातीला थोडी रक्कम, दरमहा माफक हप्ता आणि तीन-चार वर्षांनी एक भला मोठा शेवटचा हप्ता, ज्याला तिकडे 'बलून' म्हणतात. फुगा हे नाव ज्याने ठेवले तो प्रामाणिक असला पाहिजे. व्यापाऱ्याला कर्जाची एवढी हौस का, याचे उत्तर त्या वर्षी तिथल्या वर्तमानपत्रांत रोज छापून येत होते. मोटारकर्ज मिळवून देण्याबद्दल विक्रेत्याला वित्तसंस्थेकडून दलाली मिळते. व्याज जितके चढवाल तितकी दलाली जास्त, अशी एक पद्धत होती, ती नियामकांनी २०२१ च्या जानेवारीत बंद केली. पण आधीचे हिशेब उरलेच. २०२४ च्या ऑक्टोबरात अपील न्यायालयाने गिऱ्हाइकांच्या बाजूने निकाल दिला आणि वित्तसंस्थांचे धाबे दणाणले. १ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बराचसा फिरवला. विक्रेता हा काही गिऱ्हाइकाचा विश्वस्त नव्हे, असे सांगितले. मात्र एका प्रकरणात दलाली कर्जावर आकारलेल्या एकूण व्याज-खर्चाच्या पंचावन्न टक्के होती आणि ती धड सांगितलीही नव्हती; तो व्यवहार अन्याय्य ठरवला. ऑक्टोबरात नियामकांनी भरपाईच्या योजनेचा मसुदाही मांडला. पंचावन्न टक्के वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. आमच्या काळात तालुक्याच्या एजंटाला दोन टक्क्यांची सवय होती, आणि त्याला आम्ही दरोडेखोर म्हणत होतो.

तांबडी आम्ही सोडली. परतताना भाचा चाळीस मैल बोलला नाही. मी खिशातल्या कागदावर हिशेब मांडला होता, तो त्याला घरी गेल्यावर दाखवला. साठ हजार बँकेत चार टक्क्यांनी ठेवले तर वर्षाचे व्याज चोवीसशे पौंड, ते गेले. विमा, टायर, तेल, पट्ट्यासाठी बाजूला ठेवायचे, रस्त्याचा कर असे धरून पाच हजार. वर्षाला तीन हजार मैल चालवली तर मैलाला अडीच पौंड, पेट्रोल आणि घसारा वेगळा. म्हणजे आपले जवळपास तीनशे रुपये मैल. कराचीही गंमत आहे. २३ मार्च २००६ च्या आधी नोंदलेल्या गाडीला धुराच्या हिशेबाने वरच्या दोन पट्ट्यांतला कर लागत नाही. त्यामुळे २०२५ साली २००१ ची फेरारी वर्षाला ४३० पौंड भरत होती, आणि २००८ ची ऑडी 'आर ८' ७६०. एका तारखेने पावणेदोनपट फरक.

ही 'आर ८' आम्ही पाहिली. मनापासून आवडलीही. आठ सिलिंडर, चारही चाकांना ताकद, आणि हाताचा गिअर. दांडा एका चकचकीत धातूच्या जाळीतून खटक-खटक फिरतो. चुंबकीय शॉक अॅब्सॉर्बर गळतात आणि महाग पडतात, हे तिचे प्रसिद्ध दुखणे. तेही परवडले असते. पण आरशांसकट ती दोन मीटरहून रुंद. डेल्सच्या भिंतींमधून समोरून दुधाचा टँकर आला तेव्हा भाच्याने श्वास रोखून धरला आणि गाडी जवळजवळ थांबवली. त्यानंतर तो रस्ता बघत नव्हता, डावा आरसा बघत होता. होंडाची 'एनएसएक्स' अरुंद, चारी बाजूंनी दिसणारी आणि भरवशाची. १९८९ साली सुझुकाच्या ट्रॅकवर आयर्टन सेनाने ती चालवून पाहिली होती. पण हाताच्या गिअरच्या चांगल्या गाडीचे भाव आमच्या हाताबाहेर. पोर्शेची '९९७ जीटी३' तशीच. लॅम्बोर्गिनी 'गॅलार्डो'कडे मी बघूच दिले नाही.

शेवटी हॉजच्या अलीकडे एका निवृत्त शिक्षकाच्या दारात उभी असलेली २०११ ची 'लोटस इव्होरा एस' मिळाली. ही सुपरकार आहे की नाही यावर तिथे भांडणे होतात, आणि नाही म्हणणाऱ्यांचे खरे असेल. इंजिन पाठीमागेच आहे, पण ते इटलीतल्या कुणा उस्तादाचे नाही. टोयोटाच्या कॅमरीत बसते त्याच घराण्यातले साडेतीन लिटरचे, वर सुपरचार्जर लावलेले, ३४५ अश्वशक्तीचे. पण नॉरफोकमधल्या हेथेलच्या जुन्या लढाऊ विमानतळावर बसलेल्या या कारखान्याला एक गोष्ट पिढ्यान्पिढ्या जमते. खडबडीत इंग्रजी रस्त्यावर गाडी उधळत नाही, रस्त्याला धरून वाहते. शिक्षकांनी फाईल आणली. दोन पेरांची जाड फाईल. प्रत्येक सर्व्हिसची पावती, प्रत्येक टायरची, क्लच २०२१ मध्ये बदलल्याची; त्यासाठी इंजिन खाली उतरवावे लागते, म्हणून ती पावती चांगलीच घसघशीत. एका पावतीवर त्यांनी पेन्सिलीने लिहिले होते : 'बायकोला सांगू नये.' फाईल मिटून मी भाच्याला म्हटले, आता चालव.

एका दिवसाचा विमा उतरवून भाचा चालवायला बसला, शेजारी मी. मागे नावापुरत्या दोन सीटा आहेत, पण मालक म्हणाले, मी इथे चहा टाकतो. आम्ही बटरटब्ज चढलो. पाऊस पडून गेला होता. स्टिअरिंगला तेलाच्या दाबाची जुनी मदत आहे, त्यामुळे चाकाखालचा खडा चालकाच्या तळव्याला कळतो. भाचा दुसरा, तिसरा, पुन्हा दुसरा करत होता. मी काटा पाहिला तर बहुतेक वेळ चाळीस आणि पन्नास मैलांच्या मध्ये. आणि तो एखाद्या अवघड शस्त्रक्रियेला बसल्यासारखा संपूर्ण तिथे होता. नजर त्या दूरच्या बिंदूवर. वळणापलीकडे मेंढी खरोखरच होती. गाडी थांबली, मेंढीने आमच्याकडे पाहिले, आणि भाचा हसत सुटला. मग त्याचे डोळे भरून आले. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

परतीच्या वाटेवर मी माझे काम केले. लोटसने इव्होरा २०२१ मध्ये बंद केली. कारखाना २०१७ पासून चिनी 'गीली'च्या ताब्यात आहे, आणि २०२५ च्या ऑगस्टातच त्यांनी ब्रिटनमधल्या साडेपाचशेपर्यंत नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले होते. इंजिनाचे भाग जगभर मिळतील. काच, दरवाजा, दिवा यांचे दहा वर्षांनी काय, हा प्रश्न मी त्याच्यापुढे ठेवला. पेट्रोलचेही सांगितले : तिथल्या साध्या पेट्रोलमध्ये २०२१ पासून दहा टक्के इथेनॉल असते, म्हणून जुन्या गाडीला महागडे, पाच टक्क्यांचे घालावे. आपल्याकडे २०२५ साली वीस टक्क्यांवरून जी ओरड झाली, तिच्यापुढे हे काहीच नाही. तो सगळे ऐकत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, 'आणि मामा, भारतात नेता येईल?' तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी आपले आयातीचे नियम आत येऊ देत नाहीत, हे सांगितल्यावर त्याने फक्त मान हलवली. यवतेश्वरच्या घाटाचे त्याच्या मनात असावे.

सौदा सदतीस हजारांना ठरला. गाडीवर कुणाचे कर्ज नाही याचा दाखला आधी काढला. नोंदणीचे पुस्तक म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे असे त्या पुस्तकावरच छापलेले असते, म्हणून शिक्षकांच्या खरेदीची मूळ पावतीही फाईलमधून काढून पाहिली. उरलेल्यातले आठ हजार मी दुरुस्तीसाठी वेगळ्या खात्यात टाकायला लावले, बाकीचे घराच्या कर्जात गेले.

२ ऑक्टोबरला दसरा होता. लीड्समधल्या भारतीय दुकानातून झेंडूचा हार आणला, मुलींनी रांगोळी काढली, आणि साताऱ्याला व्हिडिओवर ताईला गाडी दाखवली. तिने आधी रंग विचारला. मग फाईल दाखवायला सांगितली. भाचेसुनेने ती कॅमेऱ्यासमोर पान पान उलगडली. ताई चष्मा लावून बघत होती. पेन्सिलीने लिहिलेले काय आहे, हेही तिने विचारून घेतले.

'इंजिन कुठं आहे?'

'मागं आहे, आई.'

'मग हार पुढं का घातलास?'

भाच्याने हार काढून मागे नेला.